बर्फातला पाला

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या मळेकऱ्याला जानेवारीत लेट्यूस विकायचं असेल, तर दोन वस्तू भरपूर लागत: काच आणि घोड्याची लीद. काचेला पैसे मोजावे लागत. लिदेला मात्र तोटा नव्हता, कारण सगळं शहर घोड्यांच्या पाठीवर चालत होतं. पहाटेच्या बाजारात भाजीची गाडी रिकामी झाली, की तबेल्यातली लीद आणि पेंढा भरून मळ्याकडे परतायचं, हा रोजचा परिपाठ.

भर थंडीत सॅलड खाण्याची हौस तशी जुनी. चौदाव्या लुईच्या काळात व्हर्सायच्या राजवाड्यातल्या मळ्याचा कारभारी ला कँतिनी यानं जानेवारीत लेट्यूस आणि मार्चअखेर स्ट्रॉबेरी राजाच्या पानात वाढून दाखवली होती. पण राजाच्या मळ्यात खर्च कोण विचारतो? पॅरिसच्या मळेकऱ्यांनी त्याच चैनीचा बाजारभाव ठरवला, हे त्यांचं खरं काम.

त्यांची रीत अशी. ताजी लीद आणि पेंढा यांचा जाड थर रचायचा, पाणी मारून तुडवायचा. चार-सहा दिवसांत तो आतून पेटल्यासारखा तापतो. लगेच रोपं लावली तर मुळं शिजून निघतील, म्हणून पहिला ताव ओसरू द्यायचा. मग वर वीतभर चाळलेली काळी, कुजलेली माती, तिच्यावर लाकडी चौकट आणि चौकटीवर काचेचं झाकण, जेमतेम 1.30 मीटर बाय 1.35 मीटरचं. महिन्याभरात ऊब उतरू लागली, की दोन चौकटींमधल्या वाटेत ताजी लीद ठासायची. एकाच वाफ्यात आधी मुळा आणि गाजराचं बी फेकायचं, त्यावरच लेट्यूसची रोपं लावायची. मुळा आधी निघतो, मग लेट्यूस, मग गाजर; तोवर रिकाम्या जागी फ्लॉवरची रोपं बसलेली असतात. आपल्याकडे उसाच्या सरीत कांदा-कोथिंबीर काढणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. नवल एवढंच, की हे सगळं बर्फ पडत असताना चालायचं.

चौकटींखेरीज दुसरं साधन होतं काचेच्या हंडीचं. देवळात किंवा वाड्याच्या दिवाणखान्यात टांगलेली काचेची हंडी उलटी करून जमिनीवर ठेवावी, तशी. तोंड सुमारे 40 सेंटिमीटर रुंद, उंची त्याहून थोडी कमी. तिच्याखाली मधोमध एक उभ्या पानांचं रोमेन आणि भोवती तीन-चार बुटकी लेट्यूस. ऊन पडलं की आत कोंडलेल्या दमट हवेनं पानं सडतात, म्हणून हंडीची एक कड उचलून तिच्याखाली खाचा पाडलेली लाकडी काडी लावायची. खाचा तीन; किती वारा आत सोडायचा त्याप्रमाणे खाच निवडायची. उचललेली बाजू नेहमी वाऱ्याकडे पाठ केलेली. संध्याकाळी काडी काढून हंडी पुन्हा खाली. कडाका वाढला तर हंड्यांच्या मधल्या जागेत पेंढा भरायचा आणि वर गवती तट्टे अंथरायचे. सकाळी तट्टे उचलायचे, कारण अंधारात पान पिवळं पडतं. एका मळ्यात अशा हंड्या शेकड्यांनी, पुष्कळदा हजारांनी. प्रत्येकीला दिवसातून दोनदा हात लावायचा, हे लक्षात घेतलं की जानेवारीतल्या त्या लेट्यूसची किंमत कशानं वाढत असे ते कळतं.

मोरो आणि दावेर्न या दोन मळेकऱ्यांनी 1845 साली हे सारं शास्त्र पुस्तकात उतरवलं. जगभर ते नेलं मात्र क्रोपोत्किन या रशियन अराजकतावादी राजपुत्रानं. 1899 मध्ये पुस्तकरूपानं आलेल्या त्याच्या लेखनात पोन्स नावाच्या मळेकऱ्याचा हिशोब आहे: जमीन अवघी 2.7 एकर, माणसं आठ, आणि वर्षाला सव्वाशे टनांच्या आसपास भाजी, त्यात सॅलडचे गड्डेच 1,54,000. हे मळेकरी जमीन खंडानं घेत आणि जागा सोडताना वरची माती बरोबर नेण्याचा हक्क करारात लिहून घेत, असंही तो सांगतो. का नाही नेणार? वर्षानुवर्षं लीद कुजवून ती त्यांनीच तयार केलेली असे. क्रोपोत्किनला या मळ्यांत उद्याच्या समाजाचं पोट भरण्याची सोय दिसली. ती आठ माणसं दिवसाला बारा ते पंधरा तास राबत होती, हेही त्यानं लिहिलं आहे, लपवलेलं नाही. वाचणारे मात्र टनांचा आकडा लक्षात ठेवतात आणि तासांचा विसरतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये या ‘फ्रेंच बागाईती’ची लाट आली आणि फार न टिकता ओसरली. खुद्द पॅरिसमध्येही दिवस फिरले. आगगाडीनं दक्षिणेकडचा स्वस्त माल येऊ लागला होताच, त्यात मोटारी आल्या आणि घोडे गेले. घोड्यांबरोबर लीद गेली, लिदेबरोबर वाफ्याची ऊब. शहर पसरत गेलं तशी मळ्यांची जागाही गेली.

ऊब नसेल तर हिवाळ्यात पाला पिकेल का? या प्रश्नाचा पिच्छा पुरवला तो अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतल्या मेन राज्यात. एलियट कोलमन हे तसे स्पॅनिशचे प्राध्यापक. 1968 मध्ये त्यांनी हार्बरसाइड या समुद्रकाठच्या गावी 60 एकर रान घेतलं. विकणारे होते स्कॉट आणि हेलन निअरिंग, शहर सोडून मातीत राबण्याच्या पंथाचे तिथले आद्य गुरू. एकरी भाव 33 डॉलर, म्हणजे त्यांनी स्वतः घेतला तोच. झाडं तोडून, बुंधे उपटून जमीन तयार झाली. पुढे कोलमन आणि त्यांच्या पत्नी बार्बरा डॅमरॉश यांनी तिथे ‘फोर सीझन फार्म’ चालवलं. लागवडीखालची जमीन थोडकीच, पण थंडीत ताजा पाला विकणारा मळा म्हणून नाव दूरवर गेलं. युरोपातले मळे कोलमन यांनी फिरून पाहिले होते, आणि 2009 च्या ‘द विंटर हार्वेस्ट हँडबुक’मध्ये पॅरिसच्या जुन्या मळेकऱ्यांचं ऋण ते मोकळेपणानं मानतात.

त्यांनी लीद वगळली आणि काचेच्या जागी प्लास्टिक आणलं. मोठं प्लास्टिकचं हरितगृह, आत शेगडी नाही की हीटर नाही. हरितगृहाच्या आत, वाफ्यांवर तारेच्या कमानी रोवून जमिनीपासून फूटभर उंचीवर पातळ न विणलेलं कापड पसरायचं. झालं. जमिनीत दिवसभर मुरलेली ऊब रात्री वर येते आणि या दोन पांघरुणांत अडते. एकेक पांघरूण म्हणजे मळा सुमारे 800 किलोमीटर दक्षिणेला सरकवणं, असा कोलमन यांचा ठोकताळा आहे.

तरी रात्री कापडाखालचा पारा शून्याच्या खाली जातोच. सकाळी पानं काचेसारखी कडक झालेली असतात, आणि तेव्हा विळा लावायचा नाही. गोठलेलं पान कापलं की ते नंतर काळं, लिबलिबीत होतं. दहा-अकराच्या सुमाराला ऊन लागून पानं सैल पडली की कापणी सुरू. पान मरत कसं नाही? थंडी हळूहळू वाढत गेली तर झाड पेशींमध्ये साखर साठवतं, आणि बर्फ पेशींच्या आत न धरता दोन पेशींमधल्या फटीत धरतो. पालकाला ही विद्या उत्तम येते. युरोपात धान्याच्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या ‘माश’ला तर त्याहून चांगली. लेट्यूस यात कच्चं. भरलेला गड्डा कडाक्यात नासतो. कोवळी, बोटभर पानं मात्र तग धरतात. म्हणून अशा मळ्यात भर हिवाळ्यात लेट्यूस गड्ड्यानं नाही, पानानं कापतात.

खरी अडचण थंडीची नाहीच, उजेडाची आहे. दिवस दहा तासांहून लहान झाला, की वाढ जवळपास थांबते. मेनमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हीच स्थिती. कोलमन या काळाला ग्रीक पुराणातल्या पर्सेफोनीचं नाव देतात. ती पाताळात गेली की पृथ्वीवरची पिकं थांबतात. याचा अर्थ, हिवाळ्यात तिथे पीक वाढवत नाहीत. आधी वाढवलेलं जिवंत ठेवतात आणि पुरवून पुरवून कापतात. त्यामुळे सारी अक्कल लागते ती ऑगस्ट-सप्टेंबरच्या पेरणीत. तेव्हाचा आठवडाभर उशीर कापणीला महिनाभर मागे ढकलू शकतो. पण पेरणीच्या वेळी हरितगृहात टोमॅटो लागलेले असतात, मग पाला पेरायचा कुठे? कोलमन यांचं उत्तर सरकत्या हरितगृहाचं. पाला शेजारच्या उघड्या वाफ्यात पेरायचा, आणि टोमॅटो संपले की अख्खं हरितगृह ओढून त्या वाफ्यावर न्यायचं. रिकामी झालेली जमीन मग पाऊस-बर्फ खात पडून राहते, त्यानं कीडही हटते. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत देखणी वाटते ती ही युक्ती. प्लास्टिक दर काही वर्षांनी बदलावं लागतं, ही तिची उणी बाजू. लिदेची मात्र पुढे माती व्हायची.

आपल्याकडे हा सारा हिशोब उलटा. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास भरतो, त्यामुळे लेट्यूस डिसेंबरात उघड्यावर मजेत वाढतं. इथे छळतो तो उन्हाळा. माती तिशीच्या पुढे तापली की बी उगवायलाच नकार देतं, आणि उगवलेलं रोप घाईनं दांडा काढून फुलावर येतं, पान कडू होतं. इथल्या लेट्यूसवाल्याला पांघरूण लागतं ते शेडनेटचं, उजेड आणि ऊन अडवणारं.

मेनमध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिवस पुन्हा दहा तासांवर जातो. डिसेंबरात कापलेल्या बुडख्यांना नवी पानं फुटू लागतात, आणि रिकाम्या झालेल्या वाफ्यांत लेट्यूसची पुढची पेरणी होते. ती मात्र गड्ड्यांसाठी.