स्मृतीत मुक्काम करणारा लेखनिक

एका प्रोग्रॅममधील मजकूर उचलून दुसऱ्यात ठेवणे ही आता इतकी साधी गोष्ट झाली आहे, की ती घडते कशी हा प्रश्नच विद्यार्थ्यांना पडत नाही. १९८१ साली आयबीएम पीसीबरोबर आलेल्या डॉस या कार्यप्रणालीत मात्र ही सोय नव्हती. डॉसवर साधारणपणे एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. समजा, हिशेबाच्या प्रोग्रॅममधील आकडे पत्रात हवे आहेत. मग ते कागदावर उतरवायचे, हिशेब बंद करायचा, पत्रलेखनाचा प्रोग्रॅम उघडायचा आणि पुन्हा टंकायचे. त्यात एखादा आकडा चुकण्याची भीती असेच.

ही अडचण काही छोट्या प्रोग्रॅमनी सोडवली. प्रोग्रॅम संपला की डॉस त्याची जागा मोकळी करते. पण 'माझी जागा राखून ठेव' असे सांगून निघण्याची सोयही डॉसमध्ये होती. अशा रीतीने मागे राहणाऱ्या प्रोग्रॅमला स्मृतिनिवासी प्रोग्रॅम म्हणता येईल. बोर्लंड कंपनीचा १९८४ मधील 'साइडकिक' त्यांपैकी फार गाजला.

हा मुक्कामी प्रोग्रॅम जागा कसा होतो? संगणकाच्या स्मृतीच्या आरंभी १०२४ बाइटांचा एक तक्ता असतो. कोणती हाक आली असता कोठे जायचे, याचे २५६ पत्ते त्यात असतात. कळफलकाच्या हाकेसमोरचा पत्ता काढून हा प्रोग्रॅम तेथे स्वतःचा पत्ता लिहितो आणि जुना जपून ठेवतो. आता दाबलेली प्रत्येक कळ आधी त्याच्याकडे येते. ठरलेली कळ नसेल तर तो ती जुन्या पत्त्यावर पाठवतो; असेल तर स्वतः कामाला लागतो.

नक्कल करणे सोपे असते. डॉसच्या नेहमीच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे २००० अक्षरे मावतात. प्रत्येकासाठी स्मृतीत दोन बाइट असतात : एक अक्षराच्या संकेतांकाचा (ए या रोमन मोठ्या अक्षराचा ६५), दुसरा रंगाचा. एकाआड एक बाइट वाचला की मजकूर हाती येतो.

तो दुसरीकडे ठेवण्याची युक्ती अधिक गमतीची आहे. दाबलेल्या कळा क्षणभर थांबतात अशी एक छोटी रांग स्मृतीत असते. तिच्यात १५ कळा मावतात. आपला प्रोग्रॅम अक्षरे या रांगेत सोडतो आणि जागा होईल तशी पुढची भरतो. पत्रलेखनाच्या प्रोग्रॅमला वाटते, कोणीतरी भराभर टंकत आहे!

या युक्तीच्या मर्यादाही यातूनच कळतात. पडद्यावर दिसते तेवढेच उचलता येते. पडदा चित्राच्या पद्धतीने रंगवलेला असेल, तर स्मृतीत संकेतांक नसून नुसते ठिपके असतात. चित्र म्हणून उमटवलेली देवनागरी अक्षरे त्यामुळे या रीतीने उचलता येत नाहीत. फळ्याच्या छायाचित्रात शब्द दिसतात, पण साठवलेले असतात ते ठिपकेच, तसेच हे.

जुन्या संगणकासाठी असा प्रोग्रॅम शोधताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो किती जागा घेतो? डॉसच्या प्रोग्रॅमना मूळची ६४० किलोबाइट जागाच वाटून घ्यावी लागते. 'मेम' ही आज्ञा तो बसवण्यापूर्वी व नंतर देऊन फरक मोजावा. त्याला जागे करणारी कळ दुसऱ्या प्रोग्रॅमलाही लागते का? आणि संगणक बंद न करता तो काढता येतो का? जुना संगणक नसेल, तर डॉसबॉक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये हे प्रयोग करता येतात.

शेवटी वर्गासाठी एक प्रश्न. असे दोन प्रोग्रॅम एकामागून एक बसवले, तर आधी कोणता काढावा? दुसऱ्याने जपलेला 'जुना पत्ता' खरे तर पहिल्याचा आहे. पहिला आधी काढला, तर दुसरा प्रत्येक कळ रिकाम्या घराकडे पाठवील आणि संगणक ठप्प होईल. म्हणून जो शेवटी आला, त्यानेच आधी निघावे.