रिळावरची नवी दोरी

गेल्या पावसाळ्यात काही कामानिमित्त आम्हांस इंदूरला जाण्याचा योग आला. मुक्काम आमच्या धर्मग्रामातून तिकडे गेलेल्या एका कुटुंबाकडे होता. वसईच्या किनाऱ्यावरचे हे घराणे. कर्ता पुरुष वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेला आणि सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत, एका प्लास्टिकच्या कारखान्यात यंत्रे सांभाळू लागला. इंदूर शहरातून उत्तरेस सांवेरकडे व पुढे उज्जैनकडे जाणारा हा रस्ता. दुतर्फा कारखाने, मालमोटारींची वर्दळ, आणि जवळून वाहणारी कान्ह नदी इतकी मलिन की तिच्याकडे पाहून कोणास मासळीची आठवण होऊ नये. तथापि या गृहस्थांचा समुद्र सुटला असला तरी गळ सुटला नव्हता. सुट्टी मिळाली की ते मुलास घेऊन साठ-पासष्ट किलोमीटरवरील बडवाहला नर्मदेवर जात.

रविवारी मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो तो पाऊस लागला. गृहस्थांनी कपाटाखालून एक पुडके काढले, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले रीळ उतरविले आणि म्हणाले, "फादर, आज ही दोरी बदलून टाकतो. आता बंदीच आहे."

बंदी म्हणजे मासेमारीची. मध्यप्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हे दोन महिने माशांच्या विणीचे म्हणून नद्यांत व जलाशयांत मासे धरण्यास मनाई असते. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि कोळीवाड्यांत जाळी विणण्याचे व सांधण्याचे काम चालते, तसाच हा काळ. शुभवर्तमानातील याकोब आणि योहान यांना बोलावणे आले तेव्हा तेही बापाबरोबर होडीत बसून जाळी नीट करीत होते. मासे धरण्याच्या धंद्यात मासे न धरण्याचे दिवसही कामाचेच असतात.

दोरी बदलण्याचे नाव निघताच घरातील मुलगा, वय वर्षे चौदा, उठून आतल्या खोलीत गेला. आम्ही विचारपूस केली तेव्हा यजमानीणबाईंनी हळूच सांगितले. नाताळच्या सुट्टीत बडवाहला एक मोठा मासा मुलाच्या गळास लागला होता. पाच-सात मिनिटे त्याने तो खेळविला आणि अकस्मात दोरी तुटली. मासा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. मुलगा म्हणे तो महाशीर होता. महाशीर हा 2011 पासून मध्यप्रदेशाचा राज्यमत्स्य आहे. नर्मदेवर मोठी धरणे झाल्यापासून तो फार विरळ झाला आहे. खरोखर महाशीर असता तर त्यास पुन्हा पाण्यातच सोडावयाचे, हे बापलेकांचे ठरलेले होते. परंतु बाप कारखान्यातील चार सोबत्यांसमक्ष मुलावर कडाडला. हिसका दिलास, पेच आवळून ठेवलास, तुला काही धरता येत नाही, असे बरेच बोलला. त्या दिवसापासून पोराने काठीस हात लावला नव्हता.

असो. रीळ आमच्यासमोर आले. या रिळातील फिरकी, म्हणजे जिच्यावर दोरी गुंडाळतात तो भाग, स्वतः फिरत नाही. मूठ फिरविली की तारेची एक कमान फिरकीभोवती फिरते आणि दोरी घालीत जाते. इंग्लंडातील इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये या रचनेचे एकस्व घेतले. साधे रीळ त्याहून कितीतरी जुने आहे. चिनी चित्रकार मा युआन याच्या 1195 च्या सुमाराच्या एका चित्रात थंडीतल्या सरोवरावर एकटा बसलेला मनुष्य रीळ लावलेल्या काठीने मासे धरीत आहे. त्या काळी दोरी रेशमाची किंवा घोड्याच्या केसांची असे. रेशमी दोरी दर खेपेस रिळावरून उतरवून वाळवावी लागे, नाहीतर ती कुजे. पुढे 1935 मध्ये अमेरिकेत कॅरॉदर्स यांनी नायलॉन शोधले, 1938 मध्ये ते जगापुढे आले, आणि कालांतराने आपण ज्यास तंगूस म्हणतो ती काचेसारखी दोरी घरोघरी पोहोचली. ती कुजत नाही. तेव्हापासून मनुष्याने दोरी वाळविणे सोडले आणि तिच्याकडे पाहणेही सोडले.

परंतु न कुजणारी वस्तू जीर्ण होत नाही असे थोडेच आहे? उन्हाने नायलॉन ठिसूळ होते, दगडांवर घासून त्यावर चरे पडतात, आणि महिनोन् महिने फिरकीवर राहून त्यास वेटोळ्यांचे वळण लागते. वरचे थर आधी बिघडतात, कारण ऊन त्यांनाच लागते आणि पाण्यात व खडकांत तेच जातात.

गृहस्थांनी जुनी दोरी हातांवर घेऊन ओढली. ती तटकन तुटली. दुसऱ्या ठिकाणी ओढली, तेथेही तुटली. रंग दुधासारखा पांढरट, बोटांस खरखरीत. आम्ही आमच्या बोटांभोवती गुंडाळून पाहिली तर शिवणाच्या दोऱ्याइतकीसुद्धा ताकद नाही. फिरकीच्या तळाशी गेल्यावर मात्र तीच दोरी चिवट निघाली. ज्या खिळ्याला रीळ सहा वर्षे टांगले होते तो पश्चिमेच्या खिडकीशेजारी होता. इंदूरच्या मे महिन्याचे ऊन आम्ही अनुभवले आहे. यजमानीणबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दोरी पांढरी पडली म्हणून त्याने दिवाळीतच सांगितलं होतं तुम्हाला." गृहस्थ काही बोलले नाहीत. तुटलेले टोक ते बराच वेळ पाहत राहिले.

मग ते उठून आत गेले. दार उघडे होते, म्हणून ऐकू आले ते लिहितो. "अरे, मासा तुझ्या हातून सुटला नव्हता. दोरी माझी होती. मी उगाच बोललो तुला." त्यावर मुलगा काय म्हणाला ते आम्हांस ऐकू आले नाही. तो बाहेर आला आणि आमच्यापासून थोडा दूर भिंतीस टेकून बसला.

मध्यंतरी आम्ही उपयोगी पडावे म्हणून नव्या दोरीचे टोक फिरकीस बांधून ठेवले होते. दोरीचे टोक फिरकीभोवती घ्यावयाचे, मूळ दोरीवर एक साधी गाठ मारावयाची आणि अगदी शेवटी दुसरी. ओढले म्हणजे पहिली गाठ फिरकीस आवळते व दुसरी तिला निसटू देत नाही. गाठ आधी ओली करावी. कोरडी आवळल्यास घर्षणाने दोरी तेथेच दुबळी होते. हे सर्व आम्ही यथासांग केले आणि मोठ्या समाधानाने मूठ फिरविली, पण दोरी गुंडाळेचना. "फादर, कमान न उघडताच बांधलीत!" मुलगा म्हणाला आणि खळखळून हसला. सेमिनरीत आम्ही पुष्कळ शिकलो, हे शिकलो नाही. गाठ कापावी लागली.

त्यानंतर काम त्याच्याच हाती गेले. त्याने दोरी आधी काठीच्या खालच्या कडीतून ओवली, कमान उघडून गाठ मारली, कमान मिटली. नव्या दोरीची चकती त्याने जमिनीवर आडवी ठेवविली. बापाने ओल्या फडक्यात दोरी चिमटीत धरली, म्हणजे ती ताणून बसेल. सैल गुंडाळलेली दोरी पुढे फेकताना पुंजक्याने सुटते. दहा-पंधरा फेरे झाल्यावर मुलाने थांबून दोरी सैल सोडली. ती स्वतःभोवती पिळू लागली, तेव्हा त्याने चकती उलटी केली आणि पीळ गेला. चकतीवरून दोरी ज्या दिशेने सुटते तीच रिळावर बसण्याच्या दिशेशी जुळली पाहिजे. न जुळल्यास प्रत्येक फेऱ्यास एक पीळ चढतो, आणि नदीकाठी गुंता सोडविण्यात सकाळ जाते.

"आता पुरे," बाप म्हणाला.

"अजून थोडी, बाबा. काठ दोन-तीन मिलिमीटर मोकळा राहू दे."

हेच माप खरे. फिरकी कमी भरली तर दोरी काठावर घासत सुटते आणि फेक लांब जात नाही. काठोकाठ भरली तर वेटोळी आपोआप गळून पडतात. बापाने दोरी धरून ठेवली आणि मुलगा सांगेल तेव्हा सोडली.

जुन्या दोरीचा पुंजका खिडकीतून टाकण्याच्या बेतात आम्ही होतो, पण मुलाने तो घेऊन कात्रीने बोटभर तुकडे केले व जुन्या डब्यात भरले. इंदूरजवळचे सिरपूर तलाव आणि यशवंत सागर ही दोन्ही पाणथळे 2022 पासून रामसर यादीत आहेत. तेथे सारस व इतर पाणपक्षी येतात. अखंड तंगूस पक्ष्याच्या पायात अडकला तर पक्ष्यास तो तोडता येत नाही, आणि वर्षानुवर्षे तो तेथेच पडून राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा रीळ कापडाच्या पिशवीत कपाटात ठेवलेले होते. खिडकीजवळच्या खिळ्याला छत्री टांगली होती. सोळा ऑगस्ट कोणत्या वारी येतो, हे मुलाने पंचांगात आधीच पाहून ठेवले होते.