अमेरिकेंतील ‘ट्रेनर’ आणि कायद्याची वेस

‘अ‍ॅथ्लेटिक ट्रेनर’ हे शब्द ऐकतांच आपल्याकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें तालमींतला वस्ताद उभा राहील. अमेरिकेंतील हा ट्रेनर मात्र जोर-बैठका शिकविणारा नव्हे. खेळाडूस दुखापत होऊं नये म्हणून दक्षता घेणें, झालीच तर मैदानावर तपासून तात्काळ उपचार करणें आणि दुखावलेला अवयव पुन्हां खेळण्याजोगा करणें, हें त्याचें काम. व तेंही डॉक्टराच्या मार्गदर्शनाखालीं. अमेरिकन मेडिकल असोसिएशननें १९९० सालीं या व्यवसायास वैद्यकाचा पूरक व्यवसाय म्हणून मान्यता दिली.

पण या कामाची मर्यादा आंखणारा कायदा राज्याराज्याचा निराळा. परवाना देण्यास टेक्सासनें १९७१ सालीं सर्वांआधीं आरंभ केला. इतर राज्यें मागाहून आलीं, तींही आपापली व्याख्या घेऊन.

आतां संघ परराज्यांत सामन्यास गेला आणि तेथें एखाद्याच्या मानेस मार बसला, तर? ट्रेनरचा परवाना वेशीपलीकडे राहिलेला! उपचार करावा तर गुन्हा ठरण्याचें व विम्याचें संरक्षण गमावण्याचें भय. न करावा तर खेळाडूच्या जिवाशीं गांठ. ही विचित्र पंचाईत २०१८ च्या केंद्रीय कायद्यानें बरीचशी दूर केली. विमा कंपनीस आधीं कळविलें असल्यास परराज्यांतील उपचारासही विमा लागू होतो, आणि दोन्ही राज्यांचे नियम बव्हंशीं सारखे असल्यास परवानाही तेथें चालतो. रुग्णालयाच्या आंत मात्र ही सवलत नाहीं; तेथें त्या राज्याचे परवानाधारक डॉक्टर असतात.