लंडन ते पॅरिस : अंतर आणि वेळ

लंडन आणि पॅरिस या दोन राजधान्यांमधील अंतर नकाशावर मोजले तर सरळ रेषेत ते सुमारे ३४४ किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाने ते सव्वीस मिनिटांत ओलांडावे, असे साधे गणित सांगते. परंतु विमानाच्या वेळापत्रकात या प्रवासाला सुमारे सव्वा तास लावलेला असतो. मग उरलेला वेळ जातो कोठे?

वेळापत्रकातील वेळ विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हा सुरू होते आणि पलीकडच्या विमानतळावर ते आपल्या जागी उभे राहते तेव्हा संपते. धावपट्टीपर्यंत जाणे, तेथे आपली पाळी येईपर्यंत थांबणे, उतरल्यावर पुन्हा जमिनीवरून चालणे, हे सर्व त्यात आले. आकाशातही विमान थोडा वेळ चढत असते आणि मग लगेच उतरू लागते. पूर्ण वेगाने सरळ जाण्याचा काळ फारच थोडा लाभतो.

या मार्गाचा इतिहासही मनोरंजक आहे. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ याने कॅलेजवळून उड्डाण करून इंग्लिश खाडी ओलांडली व तो डोव्हर येथे उतरला. त्यास सुमारे सदतीस मिनिटे लागली. पुढे दहाच वर्षांनी, २५ ऑगस्ट १९१९ रोजी, लंडन-पॅरिस अशी नित्याची विमानसेवा सुरू झाली. त्या वेळी हा प्रवास अदमासे अडीच तासांचा होता. विमानाचा वेग तेव्हापासून कितीतरी पटींनी वाढला. प्रवासाचा काळ मात्र जेमतेम निम्म्यावर आला आहे.

येथे घड्याळाचीही एक गंमत आहे. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. त्यामुळे लंडनहून नऊ वाजता निघालेला प्रवासी पॅरिसला सव्वाअकराला पोहोचतो, आणि तेथून बारा वाजता परत निघालेला लंडनला सव्वाबारालाच उतरतो! तेव्हा केवळ वेळापत्रकातील आकड्यांची वजाबाकी करणाऱ्याची फसगत ठरलेली.

खरा हिशेब घरापासून घरापर्यंतचा असतो. हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेस, तर शार्ल द गोल विमानतळ पॅरिसच्या ईशान्येस, दोन्ही शहराच्या मध्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर. याउलट १९९४ साली खाडीखालचा बोगदा खुला झाल्यापासून आगगाडी एका शहराच्या अंतर्भागातून निघून दुसऱ्याच्या अंतर्भागात थांबते. रेल्वेमार्ग सुमारे ४९० किलोमीटरांचा, म्हणजे आकाशमार्गाहून बराच लांब. तरीही २००७ पासून गाडीस साधारण सव्वादोन तास पुरतात. विमानतळावर जाण्यायेण्याचा व तपासणीचा वेळ धरला, तर विमानाचा प्रवासी बहुधा मागेच राहतो.

शिवाय उड्डाण आणि चढण यांत इंधन विशेष जळते, आणि जवळच्या प्रवासात त्याचाच वाटा मोठा असतो. याच विचाराने फ्रान्सने २०२३ साली, जेथे आगगाडीने अडीच तासांच्या आत पोहोचता येते अशा काही देशांतर्गत विमानफेऱ्या बंद केल्या. लंडन-पॅरिस मार्ग परदेशी असल्याने त्या कायद्यात येत नाही. परंतु प्रवाशाने स्वतःशी करावयाचा हिशेब तोच आहे. तो करताना नकाशातील किलोमीटर पुरे पडत नाहीत. आपला दिवस किती खर्ची पडतो, हेही मोजावे लागते.