मैफलीचें ध्वनिमुद्रण: ऐकावें कसें, जपावें कसें



कर्जतच्या माझ्या घरीं फडताळांत जुन्या कॅसेटींचा एक डबा आहे. त्यांवर बहुतेक मैफलींचीं ध्वनिमुद्रणें आहेत. येणारे विचारतात, "गुरुजी, इतकें स्वच्छ गाणें हल्लीं सहज मिळत असतां ही खरखर कशाला ऐकतां?" त्या प्रश्नाचें उत्तर आज द्यावें असें योजिलें आहे.

गोहरजान यांचें गाणें कलकत्त्यास १९०२ सालीं मुद्रित झालें. पुढें मिनिटास ७८ फेरे घेणारी तबकडी रूढ झाली. तिच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. आतां विलंबित एकतालाचा हिशेब करूं. त्याचें आवर्तन बारा मात्रांचें. लय अति संथ असेल तर एकच आवर्तन पाऊण मिनिट घेतें. म्हणजे तबकडीवर अशीं चार आवर्तनें. अब्दुल करीम खाँसाहेबांनीं एवढ्या अवकाशांतही अमोल गाणें दिलें. तें अत्तराप्रमाणें आहे. परंतु अत्तराच्या कुपीवरून बाग कशी फुलत गेली हें कळत नाहीं. तें मैफलींतच कळतें. तेथें गवई सूर शोधतो, कधीं वाट चुकतो, समोरच्यांची दाद मिळतांच नवी वाट धरतो.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व १९५२ सालीं निवर्तले. त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांच्या पुढाकारानें १९५३ पासून पुण्यास त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव होऊं लागला. कर्जतहून घाट चढला कीं पुणें. तरुणपणीं आम्ही तेथें रात्र जागवून सकाळच्या गाडीनें परतत असूं. भीमसेनांचा शुद्ध कल्याण दोन निरनिराळ्या वर्षांच्या मैफलींतून ऐकून पाहावा. राग एकच, परंतु कोठें रेंगाळले, कोठें झेप घेतली, समेवर कसे आले, हें ताडून पाहण्यांतच खरा आनंद आहे.

ही आवड केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेंत 'ग्रेटफुल डेड' नांवाचा वाद्यवृंद १९६५ ते १९९५ पर्यंत गाजला. तेंच गीत ते दररोज निराळ्या रीतीनें विस्तारीत, आणि श्रोत्यांस ध्वनिमुद्रण करूं देत. १९८४ पासून तर त्यांनीं अशा श्रोत्यांकरितां वेगळी जागाच राखून ठेविली. ८ मे १९७७ रोजीं कॉर्नेल विद्यापीठांत झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचें मुद्रण रसिक आजही आवडीनें ऐकतात. या वृंदांतील तालवादक मिकी हार्ट यांनीं आपल्या उस्ताद अल्लारखाँकडून तालाचे पाठ घेतले होते, हें कळल्यावर मला तें गांव परकें वाटेनासें झालें.

आतां माझ्या डब्याकडे येतों. तीस वर्षांपूर्वीं खालापूर तालुक्यांतील एका गांवीं गणेशोत्सवांत गाणें झालें. मीं गवयाची परवानगी घेऊन तें टेपवर घेतलें. शेजारीं आमच्या शाळेचे संस्कृतचे शिक्षक बसले होते. सम येण्याच्या किंचित् आधींच त्यांचें "व्वा!" ऐकूं येई, तालाची जाण असलेल्या माणसाचें तें लक्षण. ते आतां हयात नाहींत. दोन पावसाळ्यांपूर्वीं कॅसेट उघडली, तों फितीस बुरशी आलेली. पहिली बाजू गेली ती गेलीच. दुसरी जाणकाराकडून साफ करवून संगणकावर उतरवून घेतली. त्या बाजूवर त्यांचा आवाज फक्त दोनदां येतो.

म्हणून सांगणें इतकेंच. आमच्याकडील दमट हवा फितीची वैरीण आहे. कॅसेटी कोरड्या डब्यांत उभ्या ठेवाव्या. बुरशी दिसल्यास चालू यंत्रांत घालूं नयेत. बुरशी दुसऱ्या फितींसही लागते. उतरवून घेतांना तारीख, गांव, गायक, साथीदार, राग हें सर्व लिहून ठेवावें. नांवाविना गाणें पोरकें होतें. आणि तें इतरांस देण्यापूर्वीं कलावंताची, ते नसल्यास त्यांच्या घरच्यांची संमति घ्यावी. ही कामें पुढील पावसाळ्याच्या आधीं व्हावींत. खरखर पुसतां येते, परंतु नाहींशी झालेली दाद पुन्हां मिळत नाहीं.