‘झिरो वॉटर’ कारखाना म्हणजे नेमकं काय?

दुधाची पावडर बनवायची म्हणजे दुधातलं पाणी काढून टाकायचं. दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. म्हणजे १०० किलो दुधातून जवळपास ८७ किलो पाणी बाहेर पडतं. गंमत अशी की ते वाया घालवून तोच कारखाना धुण्यासाठी आणि थंड करण्यासाठी जमिनीतून पाणी उपसत बसू शकतो. मग दुधातलंच पाणी वापरलं तर?

मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात नेस्लेने २०१४ मध्ये आपल्या डेअरी कारखान्यात हेच केलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यामुळे रोज सुमारे १६ लाख लिटर भूजल वाचतं.

हे चालतं कसं?

१. दूध कमी दाबाच्या भांड्यात तापवतात. दाब कमी असला की ते १०० अंशांच्या बरंच खाली उकळतं, त्यामुळे करपत नाही.

२. निघालेली वाफ थंड करून तिचं पाणी करतात. गरम डब्याच्या झाकणाला आतून थेंब जमतात ना, अगदी तसंच.

३. या पाण्यात दुधाचे अंश असू शकतात. म्हणून ते गाळून, शुद्ध करून मगच यंत्रं धुवायला वापरतात.

४. धुतलेलं पाणी पुन्हा शुद्ध करून बागेला किंवा कूलिंग टॉवरला देतात.

सेन्सरचं काम

डेअरीत पाइप आणि टाक्या न उघडता आतूनच धुतात. डिटर्जंट पूर्ण गेलं की नाही हे कसं कळणार? डिटर्जंटच्या पाण्यातून वीज सहज वाहते, साध्या पाण्यातून कमी. सेन्सर हा फरक मोजतो आणि पाणी स्वच्छ झालं की व्हॉल्व्ह बंद होतो. नुसत्या अंदाजाने दहा मिनिटं नळ चालू ठेवायची गरज उरत नाही. शिवाय शेवटच्या खळखळीचं पाणी पुढच्या वेळी पहिल्या खळखळीला चालतं.

आपल्याकडे काय?

उसातही साधारण ७० टक्के पाणी असतं. साखर कारखान्यात रस आटवताना एका भांड्याची वाफ पुढच्या भांड्याला तापवते आणि तिचं झालेलं पाणी परत वापरता येतं. म्हणजे कारखान्याची बरीचशी गरज उसातूनच भागू शकते.

पण खरी मेख शेतात आहे. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने म्हटलं होतं की, महाराष्ट्रात ४ टक्क्यांहून कमी पीकक्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तोही ऊस पिकवणाराच भाग. अशा वेळी कारखान्याने आत कितीही लिटर वाचवले तरी मोकाट पाण्यावर वाढलेल्या उसाचा हिशेब तसाच राहतो.

म्हणून ठिबक महत्त्वाचं: पाणी आणि विद्राव्य खत थेट मुळाशी. त्याच्या जोडीला मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टसोबत ऊसशेतीत एआयचा प्रयोग केला, त्यातही पाणी कधी आणि किती द्यायचं हा सल्ला मोबाइलवर मिळतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या ब्रँडची ‘पाणी वाचवतो’ अशी जाहिरात दिसली, तर एकच बघा: हा आकडा फक्त कारखान्याच्या गेटच्या आतला आहे, की शेतातलं आणि चाऱ्याचं पाणीही त्यात धरलंय? ‘झिरो’चा खरा अर्थ तिथेच कळतो.