ठसा, शाई आणि जलरंग

एका क्षणांत शंभर ठिकाणीं पोंचणारा शुभेच्छेचा संदेश आतां प्रत्येकाच्या खिशांतील यंत्रांत असतो. तो पाठविण्यास पैसा लागत नाहीं, वेळ लागत नाहीं. आणि ज्याच्याकडे तो जातो त्यासही हें पुरतें ठाऊक असतें. म्हणून तो वाचला जातो आणि विसरला जातो. याउलट हातानें रंगविलेलें एखादें साधें पत्र कपाटाच्या खणांत वर्षानुवर्षें जपून ठेवलेलें आढळतें. त्यावरील फूल थोडें वाकडें असेल. परंतु त्यामागें कोणाची तरी एक संध्याकाळ खर्ची पडलेली असते, आणि घेणारास नेमकी तीच भेट मिळते.

अशीं पत्रें घरीं करूं पाहणारास मात्र बहुधा पहिल्याच दिवशीं ठेंच लागते. घरांतील मुलगी फुलाचा ठसा उमटविते; काळी रेघ सुरेख येते. मग ती रंगाचा ओला कुंचला त्यावर फिरविते आणि शाई विरघळून सारें चित्र गढूळ होतें. दुसरा कागद, पुनः तोच प्रकार. मग वडील माणसें निकाल देतात कीं, 'हिच्या हातांत कला नाहीं.' वस्तुतः दोष हाताचा नसतो, शाईचा असतो. एका अयोग्य शाईनें एका मुलाविषयीं जन्माचा निकाल लागावा, ही गोष्ट लहान नव्हे. म्हणून या कलेंत सौंदर्यदृष्टीच्या आधीं पदार्थांचा स्वभाव समजून घेणें अवश्य आहे. कागद पाण्याशीं कसा वागतो, शाई पाण्याशीं कशी वागते आणि जलरंग म्हणजे मुळांत काय, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्यास आलीं, त्याचें अर्धें शिक्षण झालेंच.

छापील रेघ आणि हातचा रंग ही जोडी जुनी आहे. व्यापारासाठीं काढलेलें पहिलें नाताळपत्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तें १८४३ सालीं लंडन येथें तयार झालें. हेन्री कोल हे सरकारी कामांत गढलेले गृहस्थ. १८४० सालीं एका पेनींत पत्र देशभर धाडण्याची जी सोय इंग्लंडांत झाली, तिच्या उभारणींत त्यांचा हात होता. त्या सोयीमुळें सणावारीं पत्रांचा ढीग सांचूं लागला, आणि प्रत्येकास स्वतंत्र उत्तर लिहिण्यास कोल यांस सवड मिळेना. त्यांनीं जॉन कॅल्कट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलें. मध्यें भोजनास बसलेलें कुटुंब, आणि दोन बाजूंस अन्नदान व वस्त्रदान. रेषा शिळाछापावर छापल्या आणि रंग हातानें भरले. सुमारें हजार प्रती निघाल्या. किंमत एक शिलिंग. चित्रांत लहान मुलाच्या ओठांशीं मद्याचा पेला दाखविला म्हणून मद्यनिषेधवाद्यांनीं गहजब केला, तरी प्रथा रूढ झाली. महाराष्ट्रांतही संक्रांतीस दूरच्या आप्तांस तिळगुळाचे चार दाणे आणि त्यांसोबत चिमुकलें चित्रपत्र टपालानें धाडण्याची चाल अनेक घरांतून होती. आजचा शिकाऊ माणूस ठशानें रेघ उमटवून तींत रंग भरतो, तेव्हां तो हॉर्स्लीच्या पत्राचीच कृति लहान प्रमाणांत करीत असतो.

प्रथम कागद. जलरंगाचा कागद जाड असावा. दर चौरस मीटरास ३०० ग्रॅम वजनाचा कागद नवशिक्यास चांगला. पातळ कागदावर पाणी पडलें कीं त्यांतील तंतु फुगतात व कागद लाटांसारखा उंचसखल होतो. उत्तम कागद कापसाच्या तंतूंचा असतो आणि त्यास सरसाची अगर तत्सम द्रव्याची खळ दिलेली असते. खळ नसेल तर टीपकागदावर पडल्याप्रमाणें रंग तत्काळ शोषला जातो, आणि कुंचल्यास कांहीं करावयास अवकाशच उरत नाहीं. याची परीक्षा सोपी आहे. कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो मण्यासारखा उभा राहून सावकाश जिरला तर कागद रंगास योग्य. पडतांच डाग होऊन पसरला तर तो कागद पाकिटाकडे वळवावा.

कागदाचें पृष्ठही पाहिलें पाहिजे. खरखरीत पृष्ठावर रंगाचा थर मोहक बसतो, परंतु ठशाची रेघ खळग्यांवरून उडी मारते व तुटक उमटते. गुळगुळीत पृष्ठावर रेघ अखंड येते, पण रंग घसरतो. जुन्नर येथें आणि दौलताबादजवळील कागजीपुऱ्यांत हातकागद करण्याची परंपरा होती. त्या काळचे कारागीर कागदास खळ देऊन तो गोट्यानें घोटीत, कारण बोरूस गुळगुळीत वाट लागे. ठशाचें मागणेंही बोरूसारखेंच आहे. म्हणून पत्रांसाठीं अगदीं खरखरीत नव्हे आणि अगदीं तुळतुळीत नव्हे, असा मधला कागद निवडावा.

आतां शाई. शाईच्या दोन मुख्य जाती ध्यानांत ठेवाव्या. एकींत रंगद्रव्य पाण्यांत साखरेसारखें विरघळलेलें असतें. ती शाई कागदांत मुरते, लवकर वाळते, परंतु पाणी लागतांच बहुधा पुनः सुटते आणि उन्हांत फिकी पडते. दुसरींत रंगाचे न विरघळणारे बारीक कण तरंगत असतात. ती पृष्ठावर बसते, सावकाश वाळते आणि उजेडांत अधिक टिकते. परंतु कणांची शाई म्हणजे पाण्यास दाद न देणारी शाई, असें मात्र नव्हे. कणांस कागदाशीं बांधणारें द्रव्य कोणतें, यावर सारें अवलंबून आहे. आपल्याकडील पोथ्या लिहिणारांस हें रहस्य उत्तम ठाऊक होतें. काजळी आणि डिंक यांची शाई ती कच्ची, कारण डिंक पाण्यांत विरघळतो. तीच काजळी टाकणखार घालून उकळलेल्या लाखेच्या पाण्यांत खलली कीं पक्की शाई होई, आणि ओलसर बोटानें अक्षर पुसलें जात नसे. काजळी दोहोंत एकच. फरक केवळ बांधणाऱ्या द्रव्याचा.

दुकानांतील शाईच्या गादीवर कांहींही लिहिलेलें असो, ती घरीं पारखून घ्यावी. ठसा उमटवावा, दहा मिनिटें वाळूं द्यावा आणि स्वच्छ पाण्याचा कुंचला त्यावरून दोनदां फिरवावा. पाणी निर्मळ राहिलें तर ती शाई जलरंगाखालीं चालेल. पाणी काळवंडलें तर तीही टाकून देऊं नये. तिचा उपयोग पुढें येईल.

ठसा रबराचा असतो किंवा पारदर्शक मृदु द्रव्याचा. रबरास गंधक व उष्णता देऊन टिकाऊ करण्याच्या रीतीचें पेटंट चार्ल्स गुडइयर यांस १८४४ सालीं मिळालें, आणि पुढें त्याच शतकांत रबरी शिक्के प्रचारांत आले. पारदर्शक ठसा काचेसारख्या ठोकळ्यावर चिकटवून वापरतात. त्यांतून खालचा कागद दिसतो, म्हणून जागा चुकत नाहीं. परंतु विकतच्या ठशावांचून अडतें असेंही नाहीं. भेंडी आडवी कापली कीं पांच पाकळ्यांचें फूल तयार होतें. बटाट्याच्या कापावर किंवा खोडरबरावर चाकूनें हवा तो आकार कोरतां येतो. अक्षरें मात्र उलटीं कोरलीं पाहिजेत. ठसा गादीवर दाबून घासूं नये. गादीच ठशावर हलक्या हातानें टिपीत जावी, म्हणजे शाई कडांवरून ओघळत नाहीं. उमटवितांना तो सरळ खालीं दाबावा, डोलवूं नये, आणि सरळच उचलावा. कागदाखालीं चारसहा वर्तमानपत्रांची मऊ बैठक असली कीं दाब सारखा पडतो.

जलरंग म्हणजे रंगाची अतिशय बारीक पूड आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. पाणी हें केवळ वाहन. तें उडून जातें आणि रंगाचा पातळ पडदा मागें राहतो. प्रकाश त्या पडद्यांतून जाऊन खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो व परत येतो. जलरंगाचें तेज तें हेंच. यांतून दोन नियम आपोआप निघतात. पहिला असा कीं, या कलेंत पांढरा रंग म्हणजे कागद स्वतः. तो एकदां झांकला कीं पूर्ववत् मिळत नाहीं. दुसरा असा कीं, फिक्याकडून गडदाकडे जावें. फिक्यावर गडद चढतें; गडदावर फिकें चढत नाहीं.

ओल्या कागदावर ओला रंग सोडला तर तो ढगासारखा पसरतो. आकाश, पाणी, धुकें यांस ही रीत योग्य. कोरड्या कागदावर ओला रंग दिला तर कड स्पष्ट राहते; पाकळ्या व पानें यांस ही रीत हवी. पहिला थर पुरता वाळल्यावर दुसऱ्या रंगाचा पातळ थर दिला कीं दोन रंग न कालवितां तिसरा दिसतो. नवशिक्यांचा नेहमींचा अपघात निराळाच. अर्धवट वाळलेल्या जागीं पाण्यानें भरलेला कुंचला लागला कीं तें पाणी रंगाचे कण ढकलीत नेतें व कोबीच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उठतो. उपाय एकच: कागद चमकत असेल तोंवर काम करावें, चमक गेली कीं हात आवरावा, आणि पुरतें वाळल्यावर पुढें जावें. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, हें वाळणें फार लांबतें. संक्रांतीच्या कोरड्या हवेंत तेंच काम झपाट्यानें होतें.

ठसा आणि जलरंग यांचा मेळ तीन रीतींनीं घालतात. पहिली रीत भरणीची. न विरघळणाऱ्या शाईनें रेघ उमटवावी, वाळवावी आणि आंत रंग भरावा. पाकळीच्या मुळाशीं रंगाचा ठिपका ठेवून तो स्वच्छ ओल्या कुंचल्यानें टोंकाकडे ओढला कीं एकाच रंगांत छाया व उजेड दोन्ही साधतात.

दुसरी रीत विरघळणाऱ्या शाईची. येथें तिच्या दोषाचाच गुण होतो. ठशास फिक्या रंगाची शाई लावून त्यावर पाण्याचा सूक्ष्म फवारा द्यावा व ठसा उमटवावा. कुंचल्यानें काढल्यासारखें पसरट फूल उतरतें. किंवा रेघ उमटवून तिच्या कडेनें ओला कुंचला फिरवावा. रेघेंतूनच रंग सुटून आकृतीच्या पोटांत छटा उतरते. ज्या शाईनें आरंभीं चित्र नासलें, तीच शाई योग्य जागीं चित्रकाराचें काम करते.

तिसरी रीत उठावाची. सावकाश वाळणाऱ्या शाईनें ठसा उमटवून, ती ओली आहे तोंच त्यावर राळेसारखी वितळणारी बारीक भुकटी पसरावी. जादा भुकटी झटकून परत डबींत घ्यावी आणि तप्त हवेच्या यंत्रानें रेघ तापवावी. भुकटी वितळून चकचकीत, उंच रेघ तयार होते. केस वाळविण्याचें यंत्र येथें निरुपयोगी, कारण त्याची उष्णता अपुरी पडते आणि वारा भुकटी उडवितो. हें काम मोठ्या माणसानेंच करावें. मुलांच्या हातीं तें यंत्र देऊं नये. ही उंच रेघ बांधासारखी असते. रंग तिच्यापलीकडे जात नाहीं. पारदर्शक भुकटी वापरून वरून निळा रंग फिरविला तर रेघेखालचा कागद कोराच राहतो व अंधाऱ्या आकाशांत पांढरें फूल उमलतें.

याखेरीज एक युक्ति उपयोगी आहे. पुढचें फूल आधीं उमटवावें. तेंच फूल पातळ कागदावर पुनः उमटवून कात्रीनें कापावें व पहिल्यावर झांकण म्हणून ठेवावें. मग त्यावर अर्धवट येईल असा पानाचा ठसा मारावा. झांकण काढलें कीं पान फुलाच्या मागें गेलेलें दिसतें, आणि सपाट कागदावर खोली येते.

पत्राची बांधणी साधी असावी. २१० बाय २९७ मिलिमीटरचा कागद मधोमध कापून प्रत्येक अर्धाची घडी घातली कीं १०५ बाय १४८ मिलिमीटरचें पत्र होतें, आणि तें ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या पाकिटांत सुखानें बसतें. जाड कागद तसाच दुमडला तर घडीवर फुटतो. म्हणून आधीं पट्टी ठेवून बोथट सुईनें किंवा शाई संपलेल्या लेखणीनें खांच पाडावी. चित्र घडीच्या कागदावर न काढतां वेगळ्या तुकड्यावर काढावें, आणि तें फळीवर चारी बाजूंनीं चिकटपट्टीनें बसवून रंगवावें. बिघडलें तर तुकडाच जातो; आणि साधलें तर पट्टी काढल्यावर पांढरी चौकट आयती मिळते. टपालानें जावयाच्या पत्रावर मणी, टिकल्या असले जाड अलंकार लावूं नयेत. शिक्के मारतांना ते चिरडतात व पाकीट फाटतें.

शिकण्यास साहित्य थोडें पुरतें. एक ठसा, एक पारखलेली काळी शाई, तांबडा, पिवळा व निळा असे तीन रंग, मध्यम जाडीचा एक गोल कुंचला आणि दोन भांडीं पाणी: एक कुंचला धुण्यास, दुसरें रंगांत घालण्यास. मोठी पेटी घेणारा बहुधा पेटीच उघडत बसतो. पहिले दोन दिवस केवळ सपाट थर द्यावे. तिसऱ्या दिवशीं शाईची परीक्षा. चौथ्या दिवशीं एकच ठसा वीस वेळां उमटवावा. त्यानंतर त्या वीस आकृती वीस तऱ्हांनीं रंगवाव्या. विसावी आकृति पहिलीच्या शेजारीं ठेवली म्हणजे हात किती पुढें गेला तें मुलास कोणीं सांगावें लागत नाहीं.

आणि मुलाचें चित्र बिघडलें तर घरांतील वडिलांनीं निकाल देण्याआधीं तीन गोष्टी विचाराव्या: कागदावर थेंब उभा राहिला होता काय? शाई पारखली होती काय? पहिला थर वाळला होता काय? शंभरांतील बहुतेक अपयशें या तीन प्रश्नांतच सांपडतात, आणि हीं तिन्ही दुसऱ्या दिवशीं सुधारतां येतात. उरलेलें काम सरावाचें आहे. दिवाळी किंवा संक्रांत दोन महिन्यांवर असतांना आरंभ केला, तर सणापर्यंत घरांतील प्रत्येक आप्तासाठीं एक पत्र तयार होईल. आणि त्या पत्राच्या आंतल्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरांत दोन ओळी लिहावयास विसरूं नये, कारण चित्र त्यांच्याचसाठीं काढलेलें असतें.